उसना बर्फ

दर्यात कुणी बर्फ मागितला तर नाही म्हणायचं नाही. दांडखाडी बंदरात हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण तो कुणी मोडल्याचं ऐकिवातही नव्हतं. दोन नाखव्यांचं कोर्टात भांडण चालू असो की जमलेली सोयरीक मोडलेली असो, एकाचा बर्फ संपला की दुसरा बोटीला बोट लावतो आणि पाट्या भरून देतो. आज त्याच्यावर वेळ आली, उद्या आपल्यावर येईल, एवढा साधा हिशेब असतो.

म्हणूनच त्या दुपारी वायरलेसवर हसुराम मेहेरचा आवाज आला आणि मोरेश्वर तरेची पंचाईत झाली.

हसुराम म्हणजे मोरेश्वरच्या धाकट्या बहिणीचा, ललिताचा, नवरा. त्याआधी तो मोरेश्वरचा लंगोटीयार होता, त्यामुळे ‘भावोजी’ वगैरे मानपान फक्त लग्नकार्यात, एरवी अरे-तुरेच. दोघेही बोटीचे मालक, आणि तांडेलही, म्हणजे बोट हाकणारेही, स्वतःच. हसुरामची बोट चार मैलांवर होती. त्याच्या मासळी साठवायच्या खणाचं आतलं अस्तर फाटलं होतं आणि बर्फाचं पाणी पाणी झालं होतं. खणात चारशे किलो पापलेट, सबंध हंगामात पहिल्यांदाच लागलेलं घबाड, आणि डोक्यावर वैशाखाचं ऊन.

“मोरू, धा पाट्या बरफ पायजे,” हसुराम म्हणाला. “बंदराला लागेपर्यंत टिकला म्हंजे झालं.”

मोरेश्वरने रिसीव्हर हातात धरून मागच्या खणाकडे बघितलं. बर्फाच्या मागणीला उत्तर द्यायला त्याने आयुष्यात इतका वेळ घेतला नव्हता, आणि हे बावीस बोटी ऐकत होत्या. शेवटी तो म्हणाला, “ये. देतू.”

बर्फ नव्हता असं नाही. मागच्या खणात अर्धा टन होता. अडचण अशी होती की त्या बर्फाखाली एकतीस शिंगाळे झोपले होते.

शिंगाळा हा काही राजेशाही मासा नव्हे. मिशीवाला, बिनखवल्याचा, अंगभर बुळबुळ. पापलेटं बंगल्यांत जातात, शिंगाळा गरिबाच्या कालवणात. पण बापाची माया बघावी तर त्याच्यात. मादीने घातलेली बोराएवढी अंडी नर तोंडात धरतो आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत अन्नाचा कण घेत नाही. मोठ्या जाळ्यांनी असे थवेच्या थवे उचलले, नर धक्क्यावर अंडी ओकून मेले, आणि बघता बघता मासा दिसेनासा झाला. मग कायदा आला. शिंगाळा बंदरात आणायचा नाही. जाळ्यात आला तर पुन्हा दर्यात सोडायचा.

हेतू चांगलाच होता. पण तीन तास ओढलेल्या जाळ्यातून वर येणारा शिंगाळा मेलेलाच असतो. कायदा म्हणाला, मेलेलाही टाका, नाहीतर प्रत्येक जण ‘चुकून आला’ म्हणत पाट्या भरून आणील. तेही खोटं नव्हतं. मत्स्यखातं बरोबर, कोळीही बरोबर, आणि दोघांच्या मधे ताजी, फडफडीत, खाण्याजोगी मासळी रोज शेकड्यांनी पाण्यात जात होती. बोटींच्या मागे फिरून फिरून बगळे आणि घारी मात्र माजल्या होत्या.

कायदा पाळला जातो की नाही हे बघायला आधी बोटींवर कॅमेरे बसवले. कुणाच्या कॅमेऱ्यावर खवले चिकटले, कुणाच्या कॅमेऱ्यावर नेमकं बनियन वाळत पडलं. मग खात्याने डोळ्यांचा नाद सोडला आणि पाण्याला विचारायचं ठरवलं. धक्क्यावर एक यंत्र आलं. खात्याने त्याचं नाव ‘जलसाक्षी’ ठेवलं. बंदराने ‘नणंद’ ठेवलं, कारण घरातली गोष्ट तिच्या कानावर गेली की चारचौघांत झालीच म्हणून समजा.

यंत्राची करामत अशी होती. प्रत्येक माशाच्या अंगावरून बुळबुळ आणि मेलेल्या पेशी सतत गळत असतात. त्या बर्फाच्या पाण्यात उतरतात, आणि प्रत्येक पेशीत त्या जातीचं जनुक असतं, दुसऱ्या कुठल्याही जातीशी न जुळणारं. नणंद खणात एक नळी सोडायची, पेलाभर पाणी ओढायची, ते गाळायची, त्यातल्या जनुकांच्या तुकड्यांच्या लाखो नकला काढून मोजायची आणि अकरा मिनिटांत सांगायची की या खणात कोणकोणता मासा आणि अंदाजे किती किलो होता. मासा वाटेत विकलात, खाल्लात, फेकलात, तरी सुटका नाही. जंतुनाशक ओतून खण धुतलात तर तेही तिला कळायचं आणि लाल दिवा लागायचा. शिंगाळा पाच किलोच्या आत असला तर जाळ्याला घासून गेला असेल म्हणून माफ. पंचवीसच्या वर गेला की परवाना तीन वर्षं बंद. तीन वर्षं किनाऱ्यावर पडलेल्या बोटीच्या फळ्या उकलतात, खलाशी दुसरीकडे पांगतात. दांडखाडीतल्या ज्या दोन बोटी अशा बसल्या त्या पुन्हा पाण्यात उतरल्या नाहीत.

मोरेश्वरला हे सगळं तोंडपाठ होतं. तरी काल सकाळी त्याचा हात थांबला.

जाळं वर आलं तेव्हा त्यात एकतीस शिंगाळे निघाले. चार वर्षं तो असे मासे पाण्यात भिरकावत आला होता. पण गेल्याच आठवड्यात म्हातारी नथीबाय रिकामी पाटी घेऊन धक्क्यावरून परत गेली होती. दांडखाडीत ज्या घरातला पुरुष दर्याने नेला त्या घरच्या बाईला प्रत्येक बोटीकडून ओंजळभर मासळी मिळायची, तिला हक्काची पाटी म्हणत. पूर्वी त्या पाटीत शिंगाळा, ढोमा, जे स्वस्त ते पडायचं. आता परवानगीची मासळी मोजून यायची आणि मोजून विकली जायची, पाटीत टाकायला हात आखडायचा. नथीबायने तक्रार केली नाही, उलट पाटी डोक्यावर पालथी घालून ‘बरी सावली झाली’ म्हणाली. लोक हसले. मोरेश्वरला काही हसू आलं नाही.

म्हणून त्याने इंजिन सांभाळणाऱ्या रमणला सांगितलं, टाक मागच्या खणात. बेतही पक्का होता. खाडीच्या तोंडाशी दुपारच्या ओहोटीला नथीबाय आणि तिच्या सोबतिणी कालवं काढायला येत. त्यांच्या होडीत मासे द्यायचे, त्या खणात दुसरी मासळी नसल्याने तिथला सगळा बर्फ दर्यात लोटायचा, समुद्राच्या पाण्याने खण तीनदा धुवायचा. उरलंसुरलं दोन-तीन किलोच्या वर दिसणार नाही. त्याने सगळ्याचा विचार केला होता. कुणी बर्फ मागेल, एवढं मात्र जन्मभर बर्फ देत आलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

पुढच्या खणातला बर्फ द्यावा तर स्वतःची सुरमई आणि कोळंबी बंदरापर्यंत टिकणार नव्हती. खरं सांगावं तर बावीस बोटींबरोबर किनाऱ्यावरची खात्याची खोलीही वायरलेस ऐकत होती. नाही म्हणावं तर सगळ्यांचा एकच प्रश्न, का? मोरेश्वर मागच्या खणात उतरला. वरचा बर्फ पांढराशुभ्र दिसत होता. त्याने मूठभर हातात घेतला, नाकाशी नेला, एक खडा तोंडातही टाकला.

“चांगला हाय,” तो म्हणाला.

“नाखवा, नणंदेला नाक नाय,” रमण वरून म्हणाला.

मोरेश्वर त्याच्यावर खेकसला. हा वरचा थर आहे, शिंगाळे तळाला आहेत, कळत नसेल तर गप्प बस. बर्फाची पारख रंगावरून आणि वासावरून करायची हे त्याला बापाने शिकवलं होतं आणि त्या पारखीवर त्याने तीस वर्षं मासळी राखली होती. पण रात्रभर बोट हिंदकळली होती, खणातलं पाणी वर-खाली झालं होतं, हेही त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्याने ते मनात येऊ दिलं नाही.

हसुरामची बोट बाजूला लागली. दहा पाट्या या हातातून त्या हातात गेल्या. पापलेटांवर पांढरा थर पसरला तसा हसुरामचा चेहरा उजळला. त्याने दोन पापलेटं मोरेश्वरच्या बोटीवर फेकली आणि ललिताने रविवारी जेवायला बोलावलंय, असा निरोप दिला. दोघांमध्ये हातभर अंतर होतं. वायरलेस नाही, अधिकारी नाही. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

पण हसुराम सरळ माणूस होता, आणि सरळ माणसाला असलं काही सांगायचं म्हणजे जिवावर येतं. मच्छीमार सोसायटीच्या सभेत नणंदेच्या बाजूने बोलणारा तो एकटा होता. मासा उरला तर आपण उरू, असं तो म्हणाला होता आणि त्यासाठी अर्ध्या बंदराचा अबोला त्याने वर्षभर सोसला होता. त्याला कळलं असतं तर त्याने बर्फ परत केला असता, चारशे किलो पापलेट उन्हात नासू दिलं असतं आणि वर मोरेश्वरकडे ज्या नजरेने बघितलं असतं ती नजर मोरेश्वरला नको होती. तो गप्प बसला. हसुरामची बोट निघून गेली तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली, आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

खाडीच्या तोंडाशी बेत ठरल्याप्रमाणे पार पडला. नथीबाय कंबरभर पाण्यातून होडी धरून आली. पाटीवरचं ओलं किलतान बाजूला करून तिने वरचा शिंगाळा हाताने चाचपून बघितला. मग ‘चार वर्सांनी’ एवढंच म्हणून तिने किलतान पुन्हा ओढून घेतलं. बर्फ दर्यात गेला. खण तीनदा नाही, पाचदा धुतला.

बंदरात रांग होती. तपासणीचे धक्के दोन, दोन्हींकडे नणंदेची एकेक नळी. दीड तास बोटी मुंगीच्या पावलांनी सरकत राहिल्या. शेवटी मोरेश्वरचा नंबर उजव्या धक्क्याला लागला, आणि त्याच वेळी समोर डाव्या धक्क्याला, आधी पोचूनही लांब रांगेत अडकलेली, हसुरामची बोट लागली. दोन्ही नळ्या एकदमच खणांत उतरल्या.

अकरा मिनिटं. रमण दोर गुंडाळत होता, गुंडाळलेला दोर सोडून पुन्हा गुंडाळत होता. पलीकडे ललिता लिलावाच्या बायकांमध्ये उभी राहून पापलेटांच्या भावाबद्दल बोलत होती. सगळ्या हंगामात तिला कुणी इतकं खुशीत बघितलं नव्हतं. मोरेश्वर खांबावरच्या दिव्याकडे बघत होता. सातव्या मिनिटाला त्याने मनातल्या मनात एकवीरेला नवस बोलायला सुरुवात केली, पण नक्की काय मागायचं ते त्याला ठरवता येईना. स्वतःसाठी हिरवा मागावा की समोरच्यासाठी?

त्याचा दिवा हिरवा झाला. शिंगाळा, दोन किलो, माफ. त्याने श्वास सोडेपर्यंत समोरचा दिवा लाल झाला.

अधिकारी सावरडेकर बाई खमक्या होत्या, पण उर्मट नव्हत्या. त्यांनी हसुरामचा खण पूर्ण उपसायला लावला. चारशे किलो पापलेट धक्क्यावर पसरलं, कोपरान् कोपरा बघितला. एकही शिंगाळा नाही. यंत्र मात्र शेहेचाळीस किलो म्हणत होतं. बाईंनी समजावून सांगितलं की मासा सापडला नाही याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही, तो वाटेत कुठेतरी गेला असाच होतो. नियमात तसं स्पष्ट आहे. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे तर सुकं हिरव्या दिव्याखाली गार उभं होतं आणि ओलं एकटंच जळत होतं.

हसुराम गोंधळून गेला होता. माणूस खोटा असला की कारणं तयार असतात. त्याच्याकडे एकही नव्हतं. तो इकडेतिकडे बघत राहिला आणि मग त्याला मोरेश्वर दिसला.

“बाई, ह्याला इचारा,” तो म्हणाला. “दुपारी आमच्या बोटी लागल्या होत्या. ह्यानं माजा खण बघितलाय. मोरू खोटं बोलायचा नाय.”

सगळं बंदर मोरेश्वरकडे वळलं. ललितानेही बघितलं. बाईंनी विचारलं, काय बघितलंत? मोरेश्वरने सांगितलं की खणात फक्त पापलेट होतं, शिंगाळा त्याने बघितला नाही. ते अक्षरशः खरं होतं, आणि खऱ्याचा इतका वाईट उपयोग त्याने कधी केला नव्हता. बाई म्हणाल्या, तुम्ही डोळ्यांनी बघितलंत, यंत्राने पाण्यात बघितलंय. त्या आदेश भरू लागल्या. बोटीचं नाव, परवान्याचा नंबर, तीन वर्षं. मग त्यांनी फळीएवढा पडदा हसुरामपुढे धरला आणि अंगठा टेकवायला सांगितलं. हसुरामने अंगठा सदऱ्याला पुसला.

ते पुसणं मोरेश्वरला बघवलं नाही.

“बरफ माजा होता,” तो म्हणाला.

मग बाकीचंही तो बोलून गेला, एका दमात. मागचा खण, एकतीस मासे, दहा पाट्या. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या बोटीचा निकाल पुन्हा उघडून बघितला आणि मान हलवली. दोन किलो, हिरवा. मेहुण्यासाठी माणसं काय वाटेल ते बोलतात, असं त्या म्हणाल्या. याच महिन्यात एका भावाने असाच गुन्हा अंगावर घेतला होता. मासे होते म्हणता, तर ते आता कुठे आहेत?

“ते मी सांगणार नाय. माजा परवाना घ्या.”

“पुराव्याशिवाय कसा घेऊ?” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच थकलेला वाटला.

अशी गंमत झाली होती. खोटं बोलला असता तर यंत्र त्याच्या बाजूने होतं. खरं बोलला तर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. एका माणसाला मात्र सगळं पटलं होतं. हसुराम त्याच्याकडे बघत होता, आणि दुपारी जी नजर टाळली होती तीच ही नजर होती.

“मना तिथंच सांगायचं होतंस,” हसुराम म्हणाला.

मोरेश्वरने हसुरामवरून नजर काढली. नथीबायचं नाव घेतलं तर हसुराम सुटतो आणि चार म्हाताऱ्या चोरीचा माल घेणाऱ्या ठरतात. नाव घेतलं नाही तर हसुराम जातो. त्याला वाटलं, आपण दोन दिवसांत ज्याला ज्याला मदत करायला गेलो त्याच्या त्याच्या गळ्यात दोर अडकवला.

मासे घरी ठेवून धक्क्यावर आलेली नथीबाय गर्दीतून केव्हा निघून गेली ते कुणाला दिसलं नव्हतं. परत आली ती सगळ्यांना दिसली. डोक्यावर पाटी, मागे तिच्या तिघी सोबतिणी, त्यांच्याही डोक्यावर पाट्या. तिने पाटी बाईंच्या पायाशी ठेवली. आत शिंगाळ्याचे तुकडे होते, हळद-मीठ चोळलेले, आणि डोकी वेगळी काढलेली.

“मोरूनं दिलेली मासली. मोजून घ्या, बाई,” ती म्हणाली. “एकुणतीस डोकी हाईत. दोन चुलीवर गेली, त्यांना माज्याच्यानं परत काय आणवंना.”

बाईंनी एक डोकं उचललं, त्याच्या कल्ल्यातून बोटभर बुळबुळ काढली आणि नणंदेला दिली. जनुकं नुसती जातच सांगत नाहीत, नीट विचारलं तर कोणता मासा तेही सांगतात. माणसाच्या अंगठ्यासारखंच ते. आणखी वीस मिनिटं गेली. पडद्यावर उत्तर उमटलं: हसुरामच्या खणातल्या पाण्यात याच माशाची जनुकं होती, आणि मोरेश्वरच्या खणातल्या माफ झालेल्या दोन किलोंतही हीच. मासे त्या खणात कधीच नव्हते, फक्त त्यांचं पाणी बर्फावर बसून तिथे गेलं होतं. चार वर्षं जिला सगळं कळतं असं खातं समजत होतं, तिला पाणी कुठून आलं हे कधीच कळत नव्हतं.

सावरडेकर बाईंनी पडद्यावरचं उत्तर दोनदा वाचलं. मग त्यांनी हसुरामचा आदेश पुसला आणि त्या जागी मोरेश्वरचं नाव भरलं. तीन वर्षं. जप्त मासे, एकतीस. नथीबायने तोंड उघडलं तशी त्यांनी तिच्याकडे न बघता पुन्हा सांगितलं, एकतीस. आणि बायकांनी माल आपण होऊन परत आणला असल्याने त्यांच्यावर काही नाही. शेवटी त्या म्हणाल्या की हे वर कळवावंच लागेल. एका बोटीचा बर्फ दुसऱ्या बोटीवर जात असेल तर यंत्राच्या साक्षीला अर्थ उरत नाही; त्यामुळे दर्यातली बर्फाची देवाणघेवाण बंद होईल, बहुतेक याच आठवड्यात.

परवाना जाणार हे मोरेश्वरला अपेक्षित होतं. तो धक्का त्याने सोसला. हे मात्र त्याच्या काळजाला लागलं. त्याच्या बापाने, त्याच्या आज्याने कुणाला नाही म्हटलं नव्हतं, आणि आता त्याच्यापायी सगळ्या दर्याला नाही म्हणावं लागणार होतं.

एक काम उरलं होतं. जप्त शिंगाळा तांडेलाने स्वतःच्या हाताने, कॅमेऱ्यासमोर, पाण्यात परत टाकायचा, असा नियम होता.

“हलद लावलीय त्याला,” नथीबाय म्हणाली.

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या.

मोरेश्वर धक्क्याच्या कडेला बसला आणि पाटी जवळ ओढली. तुकडे मिठाने घट्ट झाले होते, बोटांना हळद लागत होती. पहिला तुकडा पाण्यात पडला तसा भोवती पिवळा डाग पसरला. त्याने दुसरा टाकला, तिसरा टाकला. मागे बायका उभ्या होत्या, त्यांच्यातलं कुणीतरी हळू रडत होतं. ती ललिता असावी, पण त्याने वळून बघितलं नाही.

हसुराम येऊन त्याच्याशेजारी बसला. हात लावायची त्याला परवानगी नव्हती, आणि नियम मोडणाऱ्यांतला तो नव्हताच. अर्धी पाटी रिकामी होईपर्यंत तो पाण्याकडे बघत बसला.

“परवापासून माज्या बोटीवर ये,” तो म्हणाला. “तांडेल म्हणून नाय. खलाशी म्हणून.”

मोरेश्वर पन्नाशीचा होता. वयाच्या बाविसाव्या वर्षापासून त्याने दुसऱ्याच्या बोटीवर दोर ओढला नव्हता. त्याने मान हलवली, हो म्हणून, आणि पुढचा तुकडा उचलला.